लाडसाहेबांच्या वडिलांचा पत्रा

गिरणीत साळखात्यात असताना कधी कधी मागावरून धोटा, म्हणजे सूत नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, उडायचा. आधी 'टण्ण', मग हवेतून बारीक 'विंऽऽ'. शेकडो माग धडधडत असले तरी तो आवाज वेगळा ऐकू यायचा. ज्याच्या कानावर पडायचा तो आधी मान खाली घालायचा आणि मग शेजाऱ्याकडे बघायचा. लागला का कुणाला?

गिरणी बंद झाली तेव्हा वाटलं, चला, तेवढा एक आवाज तरी सुटला. कसला सुटतोय! परळला आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत मी देखभालीला लागलो आणि तिच्या मागच्या शेडमध्ये नेमबाजीची रेंज निघाली. छऱ्याच्या बंदुका. छर्रा म्हणजे मसुराएवढं शिसं, पण आमचे मेंबर त्याला कौतुकाने गोळी म्हणतात. पहिल्याच दिवशी कागदाच्या टार्गेटमागून आवाज आला, 'टण्ण... विंऽऽ'. मी मान खाली घातली. सगळे हसले!

रेंज झाडताना चेपलेल्या गोळ्या निघतात, तसे किस्सेही निघतात. गोळ्या भंगारात जातात. किस्से माझ्याकडेच साठलेत.

सगळ्या किश्श्यांच्या मुळाशी एक पत्रा आहे. टार्गेटच्या मागे गोळ्या अडवायला उभा केलेला, दाराएवढा, जाड लोखंडी पत्रा. आमचे अध्यक्ष लाडसाहेब, त्यांचे वडील गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी पाडली तेव्हा तिथला हा पत्रा साहेबांनी खटपट करून आणला. गोळ्या खाऊन खाऊन आता त्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेत. सपाट जागी गोळी लागली तर चेपते आणि खाली पडते. खड्ड्यात शिरली की उलटी फिरते. कुठे जाईल ते तिचं तिलाच ठाऊक.

मी सांगतो, "साहेब, पत्रा बदलूया."

साहेब म्हणतात, "तात्या, इतक्या वर्षांत कुणाला काय झालं?"

*

रेंजवर चहा येतो तो समोरच्या राण्यांच्या टपरीवरून. एकदा बँकेतले एक नवीन मेंबर खिडकीशी उभे राहून चहा पीत होते. घोट घ्यायला ग्लास वर उचलला आणि 'टण्ण... विंऽऽ... खळ्ळ!' हातात नुसता काचेचा तळ! चहा सगळा शर्टावर.

बिचारे पांढरेफटक पडले. मी त्यांना खाली बसवलं. हात बघितला, छाती बघितली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तेवढ्यात राणे ग्लास न्यायला आले. त्यांनी तळ बघितला, काचा बघितल्या आणि माझ्याकडे वळले.

"तात्यानू, ग्लास भरून देवचो लागतलो!"

माणूस वाचला त्याचं काही नाही! दुसऱ्या दिवसापासून रेंजवर चहा स्टीलच्या ग्लासात यायला लागला. पत्रा तसाच. ग्लास बदलले!

*

शेड आणि व्यायामशाळा यांच्यामध्ये एक खिडकी आहे. पलीकडे कॅरम चालतो. एका रविवारी त्या खिडकीतून एक गोळी आत गेली, भिंतीला लागली आणि थेट कॅरमबोर्डवर पडली. पडली ती क्वीनला धक्का देऊन. क्वीन होलमध्ये!

आरडाओरडा ऐकून मी धावलो. बघतो तर चौघे जण बोर्डाभोवती उभे राहून भांडतायत.

"क्वीन बाहेर काढ!"

"का काढू? माझी टर्न होती!"

"टर्न तुझी होती, पण स्ट्रायकर तुझा होता का?"

"अरे बाबांनो," मी म्हटलं, "ती गोळी आहे. डोळ्यात गेली असती तर?"

एकाने मान वर केली. "तात्या, तुम्ही सीनियर माणूस. तुम्हीच सांगा, कव्हर द्यायचं की नाही?"

मी खिडकीला पुठ्ठा ठोकला. आठवड्याभरात तो काढलेला. कॅरमवाल्यांना वारा लागत नव्हता म्हणे!

*

खंडेनवमीला आम्ही बंदुकांची पूजा करतो. व्यायामशाळेतल्या गदा, मुद्गल आणि बंदुका एका रांगेत मांडायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या. आणि टार्गेटच्या जागी नारळ टांगायचा. त्याच्यावर पहिला नेम अध्यक्षांचा. ही प्रथा कुणी काढली माहीत नाही. नारळ काय छऱ्याने फुटतो? पण मानाचा नेम म्हणजे मानाचा नेम!

लाडसाहेबांनी नेम धरला. 'टक्क!' नारळ हलला, पण गोळी खाली पडल्याचा आवाज आला नाही. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. कुणी पायाखाली बघतंय, कुणी शर्ट झटकतंय. कुठेच नाही. शेवटी साहेब म्हणाले, "देवाने घेतली. प्रसाद वाटा."

शिरा मी केला होता. आमचा ऑल्विन माझ्या शेजारी बसून खात होता. ऑल्विन म्हणजे आमचा रेंज ऑफिसर. 'लोड', 'फायर', 'स्टॉप' त्याच्या शिट्टीवर चालतं. गिरगावचा, चर्चला नियमित जाणारा. पण शिऱ्याला कधी नाही म्हणत नाही. खाता खाता मध्येच थांबला. जिभेने काहीतरी चाचपलं.

"तात्या, तू शिऱ्यात बदाम टाकतो?"

"नाही रे."

"मग हा कसला ड्रायफ्रूट?" त्याने तळहातावर चेपलेलं शिसं काढून दाखवलं.

मी डोक्याला हात लावला. लाडसाहेबांनी मात्र दोन्ही हात जोडले. "प्रसादातच परत दिली! बघा, कुणाला काय झालं?"

"साहेब," ऑल्विन म्हणाला, "माझी दाढ हलली."

*

पण दाढेची मला काळजी नाही. काळजी आहे ती ऑल्विनच्या डोळ्याची. त्याला एकच डोळा. दुसरा लहानपणी विटी लागून गेला. उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्याने नेमबाजी केली, पोरं शिकवली, मेडल्सही घेतली. पण रेंजवर संरक्षणाचा चष्मा काही लावायचा नाही!

"घामाने वाफ धरते, मॅन. मग मी पूर्ण आंधळा!"

एकदा त्याची बहीण ग्रेसी मला भेटायला म्हणून रेंजवर आली. माझ्यासाठी घरचं बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोवेकरी केक, घेऊन. डबा हातात देताना हळूच म्हणाली, "तात्या, मी त्याच्यावर ओरडून थकले. त्याला एकच डोला हाय. तुमी बघा जरा."

आता मी काय बघणार? तरी पेंटर बोलावून भिंतीवर ठळक लिहून घेतलं, 'चष्मा घातल्याशिवाय आत येऊ नये.' दुसऱ्या दिवशी ऑल्विन चष्मा घालून हजर! मला इतका आनंद झाला. शिट्टी वाजवायच्या आधी त्याने चष्मा वर सरकवून कपाळावर ठेवला. सिनेमातल्या हिरोसारखा.

"ऑल्विन, अरे डोळ्यावर घे!"

"घातलाय ना? कुठे घालायचा ते लिहिलंय का?"

त्या दिवसापासून चष्मा कपाळावर. मी रोज ओरडतो, तो रोज हसतो. असा राग येतो ना, की वाटतं स्वतःच्या हाताने बांधावा! पण दुपारी तो माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खातो आणि राग उतरतो.

*

कुणी ऐकत नाही म्हटल्यावर मी स्वतः रे रोडला गेलो. तिथे भंगारवाल्याकडे गोदीतल्या यंत्राचा जाड रबरी पट्टा मिळाला. पत्र्यावर टांगला की गोळी रबरात रुतून बसेल. ऑल्विन बरोबर आला होता. दोघांनी मिळून तो टॅक्सीच्या टपावर कसाबसा चढवला. परळच्या सिग्नलला ड्रायव्हर डोकं बाहेर काढून वर बघत म्हणाला, "चाचा, ये अजगर किसका है?"

"हमारे अध्यक्ष का," ऑल्विन म्हणाला.

लाडसाहेबांनी पट्टा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं रागावतील. तसे रागावले नाहीत.

"तात्या, या पत्र्यामागे माझा बाप आयुष्यभर उभा राहिला. बॉयलर फुटायची वेळ आली होती एकदा, याच पत्र्याने वाचवला त्याला. आणि त्याच्यावर तुम्ही टायर टांगणार?"

मीही गिरणीतून घरी येताना माझ्या मागाचा एक तुटका धोटा आणलाय. तो देव्हाऱ्याशेजारी आहे. मला कळतं त्यांचं.

पण ऑल्विनचा डोळा मी कुठल्या देव्हाऱ्यात ठेवू?

पट्टा कोपऱ्यात पडून राहिला. व्यायामशाळेची मांजर त्याच्यावर झोपायला लागली.

*

परवाच्या रविवारची गोष्ट. अँटॉप हिलच्या एक बाई चौकशीला आल्या होत्या. मुलीला नेमबाजी शिकवायची होती. शेड बघून त्यांनी विचारलं, "सेफ आहे ना हो?"

लाडसाहेब खूश झाले. "बाई, इतक्या वर्षांत कुणाला काय झालं? थांबा, मीच दाखवतो." चपला दाराशी काढलेल्याच होत्या. साहेब लायनीवर उभे राहिले आणि बंदूक खांद्याला लावली. ऑल्विन शेजारी उभा. चष्मा कपाळावर.

मी कोपऱ्यातून ओरडलो, "ऑल्विन, डोळ्यावर घे!"

त्याने माझ्याकडे बघून हात हलवला आणि शिट्टी वाजवली.

'टण्ण... विंऽऽ.'

ऑल्विनची मान मागे गेली. तो बाकावर धपकन बसला, दोन्ही हात कपाळावर. मी धावत गेलो. माझे पाय मला धावू देत नाहीत, तरी धावलो. लाडसाहेब जागच्या जागी. बंदूक अजून खांद्याला.

"ऑल्विन! डोळा? अरे बोल ना, डोळा?"

त्याने हात बाजूला केले. कपाळावरच्या चष्म्याच्या उजव्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेला होता. बोटभर खाली त्याचा डोळा. लाल झालेला, पाणावलेला. माझ्याकडे बघत होता.

"दिसतोयस रे," तो म्हणाला. "तोंड बंद कर, तात्या. तुझे उरलेले दोन्ही दात दिसतायत."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसरा हात त्याच्या खांद्यावरून निघेना.

मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, चष्मा घातलेला होता हां. नियम पाळलाय."

कुणी हसलं नाही.

लाडसाहेबांनी बंदूक उघडली आणि टेबलावर ठेवली. हळूहळू कोपऱ्याकडे गेले. मांजरीला उठवलं. वाकून पट्ट्याचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढायला लागले. तो पट्टा दोघांनाही जेमतेम पेलतो. मी पुढे झालो, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. थांबत, दम घेत, त्यांनी तो फरफटत टार्गेटपर्यंत नेला आणि पत्र्याच्या पायाशी टाकला. पत्र्यावर एकदा तळहात टेकवला, निरोप घेतल्यासारखा.

मग माझ्यासमोरून, ऑल्विनसमोरून, त्या बाईंच्या समोरून, दाराशी काढलेल्या स्वतःच्या चपलांना ओलांडून, अनवाणीच ते गल्लीत निघून गेले.