पहाटे गार होणारी चकती

दोन हजार तेवीस साल, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. फाल्गुनातल्या भर दुपारी काष्टीच्या स्टँडवर शेजारी एक पोरगी बसली. शाळाशाळांतून विज्ञान दाखवत फिरायची. धातूची एक चकती ती सारखी ओठाला टेकवत होती.

"काय चाखतीस गं?"

"गारवा येतो का बघतेय, बाबा. चुंबकात धरली की आतले कण रांगेत उभे राहतात, ही तापते. तो ताप निघून गेल्यावर बाहेर काढली की कण पांगतात, ही गार पडते. उद्या यावर फ्रिज चालतील."

"जळलेल्या पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार भरण्यात जन्म गेला माझा. चुंबकानं तापतंच, गार हुत न्हाई."

तिनं पिशवीतून चुंबक काढला, चकती त्यात धरली, जरा थांबून बाहेर काढली नि माझ्या ओठाला लावली. गारवा काही जाणवला नाही.

"लबाड हायेस," मी म्हणालो. स्टँडवरचा चहावाला खदखदून हसला.

ती चिडली नाही. चकती रुमालात गुंडाळत म्हणाली, "उन्हानं तापले की हे कण चुंबकाचं ऐकत नाहीत, पहाटे ऐकतात. मी उद्या पहाटे पहिल्या गाडीनं जाणार आहे, तेव्हा या."

मला हरायची सवय नाही, पण न बघता जिंकायचीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मफलर गुंडाळून स्टँडवर गेलो. तिनं चकती आधी नुसतीच माझ्या ओठाला लावली, मग चुंबकात धरली, जरा थांबली, बाहेर काढून पुन्हा लावली. आधीपेक्षा गार हुती. लई न्हाई, पण हुती.

मी चहावाल्याला हाक मारली, "काल हसलास न्हवं? ये हिकडं, ओठ फुडं कर."