पिठाच्या बैलाचं वशिंड

कन्हेरीतून निघालो तेव्हा टेम्पोत सर्वांत शेवटी चढले ते आबा, माझे वडील. तोवर ते रिकाम्या दावणीपाशी उभे होते. बैलजोडी नुकतीच विकली होती आणि शेत एका ट्रॅक्टरवाल्याला वाट्यानं दिलं होतं. "बेंदरापतुर राहतो," ते म्हणाले. "मग हितंच येनार. तितं माझं काय काम हाय?"

मला वालचंदनगरला कारखान्यात नोकरी लागली होती. अंतर फार नव्हतं, पण तालुका बदलला. कचेरीच्या कामाला बारामतीऐवजी इंदापूर आलं, पहाटेच्या कोंबड्याऐवजी कारखान्याचा भोंगा. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आबा सकाळी चार वाजता उठत आणि मग काय करायचं याचा विचार करत बसत. संध्याकाळी कॉलनीला एक फेरी मारत. तक्रार कधी केली नाही. बेंदूर किती दिवसांवर आला, एवढंच विचारत.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, गुळाच्या पाण्यात कणीक मळून तिचे बैल करतात आणि तळतात. करायचे मुलांनीच. पहिला बैल खऱ्या बैलाच्या तोंडी जातो, बाकीचे मुलं खातात. त्या सकाळी सुनंदानं, माझ्या पत्नीनं, कणीक मळून दिली. आमची सहा वर्षांची मुलगी पिंकी आणि शेजारच्या तमिळ फिटरचा मुरुगन परातीभोवती बसले. आबांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्यांची एसटी दुपारची होती.

पिंकीनं पहिला बैल पुढे केला. आबांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"हे काय, डुक्कर हाय व्हय?"

"बैल आहे, आबा."

"मग वशिंड कुठं गेलं त्याचं?"

पिंकीला वशिंड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कॉलनीच्या मागे दूधवाल्याच्या जर्सी गाई होत्या, तेवढीच जनावरं तिनं जवळून पाहिली होती. जर्सीची पाठ सपाट असते. मुरुगननं लगेच पिठाची गोळी करून पाठीवर चिकटवली. कढईत पडताच ती सुटून वेगळी तरंगू लागली.

"चिकटवायचं न्हाय," आबा म्हणाले. "अंगातनंच वर वढायचं." ते परातीपाशी बसले. एकाच गोळ्यातून त्यांनी मान, पाय आणि शेवटी चिमटीनं वशिंड काढलं. पिंकीनं तसाच दुसरा केला. तो तेलातून अख्खा निघाला.

पहिला बैल बैलाला द्यायचा हे कळल्यावर तिनं विचारलं, "आबा, बैलाला कळतं का, की तो बैल खातोय?"

आबांनी परातीतला बैल उचलून पाहिला. "येवढी वर्सं घातला खायला," ते म्हणाले, "पन ह्ये कदी बघितलंच न्हाय."

"मग बघून या. आणि मला सांगा."

पिंकीचा बैल कागदात गुंडाळून आबा पिशवीसकट गेले. "आता काही येत नाहीत," सुनंदा म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. पिंकी मात्र रोज फाटकापर्यंत जाऊन एसटी बघून येई.

तिसऱ्या दिवशी ते उतरले. पिशवी हातात तशीच होती. चपला काढायच्या आधी त्यांनी पिंकीला हाक मारली.

"शेजारच्या तात्याच्या बैलाला दिला. आदी वास घेतला. मग पिठाची शिंगं चाटली. मग वाईच थांबला."

"मग?"

"मग खाल्ला."

"म्हणजे कळलं त्याला?"

"एका बैलावरनं काय सांगता येतंय? फुडल्या बेंदराला दुसऱ्याला दिऊन बगू," आबा म्हणाले आणि पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली.

पुढे दर बेंदराला ते कन्हेरीला जात आणि परत येऊन काय घडलं ते सांगत. आता आबा नाहीत. पिंकी परदेशात असते आणि कन्हेरीत बैल शोधावा लागतो. कुठले, असं कुणी विचारलं तर मी अजूनही कन्हेरीचंच नाव सांगतो. पण घर म्हणताना डोळ्यांसमोर येतं ते आबा बातमी घेऊन परतले ते दार. यंदा पिंकीनं तिच्या मुलानं केलेल्या बैलाचा फोटो पाठवला. वशिंड अंगातून काढलेलं होतं. मी तसाच एक तळून कन्हेरीला घेऊन गेलो. बैलानं वास घेतला. थांबला. मग खाल्ला. परतल्यावर आधी तिला फोन लावला. चपला अजून पायात होत्या.