मानेजवळची गोगलगाय

तिला घरात सगळे गोगलगाय म्हणत. लहानपणी पानावरून सगळ्यांत शेवटी उठायची, शाळेत सगळ्यांत शेवटी पोचायची, म्हणून थोरल्या भावाने ठेवलेलं नाव. पण हीच बाई लाकडावर केसाएवढी बारीक रेघ कोरायची, आणि त्या कामात घाईगर्दीवाल्यांची डाळ शिजत नाही.

धंदा वडिलांचा. जुनी जपानी चित्रं कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेली असत. हे घर तसेच ठसे नव्याने कोरून, हाताने रंग लावून, त्यांच्या नकला छापायचं. वडील बजावत, "नक्कल करायची ती उजळ माथ्याने." म्हणून प्रत्येक चित्राच्या कोऱ्या कडेला कारागिराची खूण छापलेली असे. हिने खूण निवडली ती गोगलगायच. चिडवता ना, मग घ्या!

वडील गेले, भाऊ गल्ल्यावर बसला. एकदा दुकान झाडताना तिला कचऱ्याच्या डब्यात कागदाच्या पट्ट्या सापडल्या. प्रत्येक पट्टीवर एक गोगलगाय.

"दादा, कडा कोणी कापल्या?"

"मीच. खूण नसली की चित्र जुनं वाटतं."

"म्हणजे माझं काम तू कधीच मेलेल्या जपानी चित्रकाराच्या नावावर खपवतोस?"

"मी कुठे काय म्हणतो? गिऱ्हाईकच म्हणतं, अस्सल दिसतंय. मी आपला गप्प बसतो. तूही बस. दुकान माझ्या नावावर आहे, मागची तुझी खोलीसुद्धा. तोंड उघडलंस तर बोचकं बांधायचं."

ती गप्प बसली. भावाला वाटलं, जिरली. कसली जिरतेय! तिने नवी फळी घेतली आणि बर्फात छत्री धरून उभ्या बाईचं चित्र पहिल्यापासून पुन्हा कोरलं. भावाने त्याच्याही कडा कापल्या आणि एक प्रत काचेमागे लावली. चित्राकडे नीट बघायची सवय त्याला कधीच नव्हती.

मग दातांचे एक डॉक्टर आले. जुनी चित्रं जमवण्याचा नाद, आणि नजर तयार. त्यांनी काचेमागचं ते चित्र बाहेर काढायला सांगितलं, भिंग लावलं. यंत्रावर छापलेल्या नकलेत दिसतात तसे ठिपके नव्हते. चित्र उलटं केलं. रंग कागदातून मागे उतरलेला, छापताना कागद मागून चकतीने घासतात त्याचे वळसे स्पष्ट. सगळं बरोबर होतं. फक्त या खुणा हातकामाच्या, जुनेपणाच्या नव्हेत. हाताने केलेल्या नकलेतही त्या असतातच.

"कडा कापलेली दिसते," डॉक्टर म्हणाले.

"चौकटीत बसवायला कापतात लोक," भाऊ म्हणाला.

"मग अस्सलच म्हणायचं."

भाऊ गप्प. आतून मात्र ती कपड्यांवरचा भुसा न झटकताच बाहेर आली.

"डॉक्टर, बाईच्या मानेजवळ भिंग धरा. गळपट्टीवरच्या पानांत."

डॉक्टरांनी धरलं. नक्षीच्या पानांत एक गोगलगाय शिंगं वर करून बसली होती.

"ही माझी खूण. ठसा मी कोरलाय, आत ठेवलाय. आणून दाखवू?"

"म्हणजे हे जुनं नाही?"

"जुनं नाही. खोटंही नाही. माझं आहे."

डॉक्टरांनी चित्र जपून खाली ठेवलं. "मला जुनंच हवं होतं," म्हणाले, आणि भावाकडे न बघता निघून गेले.

"झालं समाधान?" भाऊ कडाडला. "आजच्या आज बोचकं बांध!"

"बांधते की. हत्यारं माझीच आहेत, तीही नेते."

त्याने रागारागाने उरलेल्या प्रतींचा गठ्ठा ओढला, पट्टी ठेवली, सुरी उचलली. पट्टी उजवीकडे सरकवली, डावीकडे सरकवली, वर नेली, खाली आणली. सुरी हातातच राहिली.

"काप ना, दादा," ती म्हणाली. "पण त्या बाईची मान उडवल्याशिवाय मी चित्रातून निघायची नाही."