शेवटच्या कडव्यातलं नाव

आम्हा बौद्धांकडे जयंतीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात एक नाव येतं. ज्यानं गाणं बांधलं त्याचंच ते नाव, असं ऐकणारा धरून चालतो. मीही पूर्वी धरून चालत होतो. आता कोणी माझ्यासमोर तसं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडतो, आणि माझं भांडण लवकर मिटत नाही हे परभणीच्या मोंढ्यात सगळ्यांना माहीत आहे.

मी बारदानाचा धंदा केला. किराणा दुकानांतून, पिठाच्या गिरण्यांतून रिकामी पोती घ्यायची, झटकायची, फाटलेली शिवायची आणि सुगीच्या दिवसांत मोंढ्यातल्या धान्याच्या अडत्यांना विकायची. बापानं मागे ठेवलं ते फक्त आडनाव. बाकीचं मी घासाघीस करून मिळवलं. पोत्यांसाठी पूर्णा, पालम, सेलू, वालूर अशी माझी फेरी असायची, आणि जिथं जलसा किंवा कव्वालीचा मुकाबला असेल तिथली फेरी मी नेमकी त्याच दिवशी काढायचो. बायको विचारायची, "पोत्याला जायलात का गाण्याला, तेवढं तरी खरं सांगा." मी म्हणायचो, दोन्हीला. पोत्यांची धूळ दिवसभर नाकात जायची, ती गाणं ऐकल्याशिवाय उतरायची नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आम्हा बौद्धांची घरं जळली. त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पूर्ण्याला रेल्वे क्वार्टरच्या मैदानात जलसा होता. गायन पार्टी त्या भागात नावाजलेली. पार्टीचा प्रमुख शाहीर परभणीहून रेल्वेनं यायचा होता आणि रेल्वे नेहमीसारखी अडकली होती. दिवे लागले, माणसं बसली, पोरं रडायला लागली, तरी शाहिराचा पत्ता नाही. शेवटी पार्टीत मागे उभी राहून झील धरणारी एक बाई पुढं आली. रेल्वेतल्या खलाशाची बायको. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, हातात काहीच नाही. पेटीवाल्याकडे न बघताच तिनं सुरुवात केली.

गाणं एका जळालेल्या घराचं होतं. आई राख उपसते. भांडी वितळलेली, कपडे गेलेले, आणि राखेत पोराची पाटी सापडते. लाकडी चौकट जळून गेलेली, पण दगडावर पोरानं गिरवलेली अक्षरं तशीच. गाण्यात घोषणा नव्हती, कोणाला शिवी नव्हती. मैदानात बसलेल्या कित्येकांनी तशी राख उपसलेली होती, त्यामुळे टाळ्यासुद्धा पडल्या नाहीत. शेवटच्या कडव्यात ती आई म्हणते, माझ्या लेकराची पाटी पुसू नका. आणि तिथं त्या बाईनं स्वतःचं नाव घेतलं. अमकी म्हणे, पाटी पुसू नका.

तेवढ्यात शाहीर आला. स्टेशनवरून धावत आल्यामुळे घामाघूम. बाई मागे झाली. पुढचा सगळा जलसा मी ऐकला, पण मला आठवतं ते एवढंच.

काही वर्षांनी वालूरला त्याच गाण्याची रेकॉर्ड माझ्या हाती लागली. तिथं एक लाउडस्पीकरवाला होता. लग्नात झाडाला कर्णा बांधून रेकॉर्डी वाजवायचा. कॅसेटी आल्यावर त्याचा सगळा माल पडून राहिला. मी त्याच्याकडे जुनी पोती बघायला गेलो, तर पोत्यांखाली रेकॉर्डींची चळत. वरूनच मला शाहिराचं नाव दिसलं. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. मी दुसऱ्याच रेकॉर्डी उचलल्या, उलटसुलट केल्या, नाक मुरडलं.

"ओरखडे लय हायत की याच्यावर," मी म्हणालो.

"मग तुमी पोती बगा ना, बारदानवाले. गाण्यातलं तुमाला काय कळायलंय?"

"पोती घेतो. ह्या चारदोन वरती टाका, पोरांना चकत्या खेळायला."

त्यानं वैतागून टाकल्या. मी घरी येऊन पिन ठेवली आणि राखेतली पाटी माझ्या खोलीत वाजायला लागली. तोच आवाज, तीच बाई. मला इतका आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. मग शेवटचं कडवं आलं आणि त्या बाईनं, स्वतःच्या आवाजात, शाहिराचं नाव घेतलं. अमका म्हणे, पाटी पुसू नका.

मी पिन उचलली, परत ठेवली. तेच. रेकॉर्डवर छापलेलं वाचलं तर शाहिराचं नाव आणि पुढं बारीक अक्षरात 'आणि पार्टी'. ती बाई त्या 'आणि पार्टी'त होती.

मी तसाच पूर्ण्याला गेलो. तेव्हापासून तिला मी अक्का म्हणतो. ती अंगणात शेवया वाळत घालत होती. मी विचारलं, "अक्का, हे गाणं कोणी बांधलं?"

"मी," ती म्हणाली. "मव्ह्या बहिणीचं घर होतं ते."

"मग नाव त्याचं कामून?"

"पार्टीत गाणं कोणीबी बांधू दे, नाव प्रमुखाचं घ्यायचं. रिवाज हाय. त्या दिवशी तो आला न्हवता, म्हणून मव्हं तोंडातून गेलं. नंतर लय बोलला मला."

"आणि तुम्ही ऐकून घेतलं?"

तिनं शेवयांवरचा कावळा हाकलला. "भाऊ, मला एकदा तरी मव्हं नाव कर्ण्यातून ऐकायचं होतं. झालं नाही. आता तू कामून भांडायलास माझ्याशी?"

मी तिच्याशी भांडत नव्हतो. पण माझा आवाज तसाच आहे.

शाहीर मला परभणीत बसस्टँडजवळच्या हॉटेलात सापडला. तोवर त्याचं वजन वाढलं होतं, मोर्चाच्या व्यासपीठावर त्याला खुर्ची असायची. मी चहा न मागवताच विषय काढला. तो चिडला नाही. याचाच मला जास्त राग आला.

"मी माझ्या उस्तादाच्या पार्टीत होतो तवा माझ्या गाण्यांत त्याचं नाव गायलो," तो म्हणाला. "वेगळी पार्टी काढली, मग माझं आलं. तिनं बी काढावी पार्टी. कोणी धरलंय?"

"बाईला पार्टी काढू दिली असती तुमी? पेटीवाला गेला असता तिच्या मागं?"

"ते मला काय माहीत." त्यानं बशीत चहा ओतला. "आणि तू कोणत्या तोंडानं बोलायलास, बारदानवाल्या? तू पोती उलटी करून विकतोस. आतल्या बाजूला कोणत्या गिरणीचा शिक्का हाय, कोणी विचारतंय का तुला?"

हॉटेलात माणसं हसली. उत्तर मला घरी परतताना सुचलं. पोतं कोणी रडत रडत बांधलेलं नसतं. हे उत्तर मी पुढे अनेकांना ऐकवलं, त्याला ऐकवायचं राहून गेलं.

मग मी माझ्या पद्धतीनं जायचं ठरवलं. स्टेशन रोडला एक कॅसेटचं दुकान होतं. जुन्या रेकॉर्डींवरून कोऱ्या कॅसेटी भरून विकायचा धंदा. मालक मी फेऱ्यांतून जमवलेल्या रेकॉर्डींवर डोळा ठेवून होता, कारण जयंतीची जुनी गाणी त्याच्याकडे नव्हती आणि मागणी फार होती. मी कधी दिली नव्हती. आता मी स्वतः गेलो आणि सौदा मांडला. माझ्याकडच्या सगळ्या रेकॉर्डी घे, हव्या तितक्या कॅसेटी भर, मला त्यातलं काही नको. बदल्यात अक्काच्या आवाजात राखेतलं गाणं नव्यानं भरायचं, शेवटच्या कडव्यात तिचं नाव, आणि जयंतीच्या कॅसेटीत तेच गाणं पहिलं घालायचं.

त्याला खोटं वाटलं. "एवढंच, मामा?"

"एवढंच."

आयुष्यात मी इतका माल इतक्या थोडक्यात कधी दिला नाही. पण मला वाटलं, हा सौदा मीच जिंकला.

अक्काला मी दुपारच्या गाडीनं आणलं. ती नवी साडी नेसून आली होती. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. बाहेरून रिक्षा गेली की मालक हात वर करायचा आणि आम्ही सगळे थांबायचो. पेटी नाही, ढोलकी नाही. आता तिचा आवाज जाड झाला होता, मध्येच दम लागत होता, तरी राख उपसण्याचं कडवं आलं तेव्हा मालकसुद्धा मान खाली घालून बसला.

शेवटचं कडवं आलं. तिनं डोळे मिटले आणि गायली. अमका म्हणे, पाटी पुसू नका. शाहिराचं नाव.

 तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडते, पण ती हसत होती.

"जिभेला वळणच पडलं रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तेच गायले. मव्हं नाव तिथं बसतच न्हाई आता."

"परत गावा अक्का."

परत गायली. या वेळी प्रत्येक शब्द जपून, पोरगं पाटीवर गिरवतं तसं. आणि नाव घेतलं, स्वतःचं. मालकानं बटण दाबून ऐकवलं. दुकानाच्या छोट्या स्पीकरमधून तिचं नाव आलं तेव्हा ती म्हणाली, "आणिक एकदा लाव." त्यानं लावलं.

कॅसेट निघाली. मी त्या दिवसांत सुगीच्या घाईत होतो, ऐकायला गेलो नाही. हा माणूस दिलेला शब्द पाळेल असं मी धरलं. सौद्यात मी कोणावर विश्वास टाकला तो तेवढ्याच वेळी. पुढे संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला नाव मिळालं. वस्त्यांतून माणसं रस्त्यावर आली. रेवड्या वाटल्या, गुलाल उडाला, जीपवर कर्णे बांधले. परभणीच्या चौकात मी उभा होतो आणि पहिलंच गाणं राखेतल्या पाटीचं लागलं. नवं भरलेलं, रिक्षांच्या मधल्या शांततेत गायलेलं. मी शेजारच्या माणसाचा दंड धरला आणि म्हणालो, आता शेवटचं कडवं ऐक.

अमका म्हणे.

मी त्याचा दंड इतका आवळला की तो ओरडला.

चौक ओलांडून मी दुकानात गेलो. गिऱ्हाईकं होती, मला पर्वा नव्हती. मालकानं सारवासारव केली नाही. "मामा, दोन बार गायल्या त्या. दोन्ही त्यांच्याच तोंडचं. मी त्यातलं एक घेतलं. शाहिराच्या नावाला गिऱ्हाईक हाय, ह्यांना कोण ओळखतंय? उगं शाहिराचे लोक दुकानावर आले असते."

"दुसरं दे मला. जे बरोबर गायली ते."

"ते कुठलं ठेवायचं? कोरी टेप लागली, त्याच्यावर दुसरं भरलं."

मी काउंटरवर हात आपटला, काच तडकली. लोकांनी मला बाहेर काढलं. त्याच दिवशी, ज्या दिवशी आम्ही इतक्या वर्षांनी एक नाव मिळवलं म्हणून नाचत होतो, आमच्याच माणसांनी मला दारुडा समजून बाहेर काढलं.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा मी पूर्ण्याला जाऊन आलो. अक्का आता कमी ऐकते. तिला मोठ्यानं सांगितलं, अक्का, मी लिहायलोय, त्यात तुमचं नाव घालतो, पूर्ण, आडनावासकट.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "घालू नको."

"का?"

"लोक वाचतील, मग गाणं लावून बघतील. गाण्यात त्याचं नाव, ते बी मव्ह्याच आवाजात. मग काय म्हणतील? म्हातारी दुसऱ्याचं गाणं आपलं म्हणायली."

मी खूप हुज्जत घातली. तिनं ऐकलं नाही, आणि तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही, याचा मला अजून राग आहे. म्हणून तिचं नाव यात नाही. मग मी शाहिराचंही घातलं नाही. त्याचं नाव घेणारे कर्णे गावोगाव आहेत. निदान हा कागद तरी त्याला मिळू द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.