काच, दूध आणि मध

वॉशिंग्टन इराओलाच्या बापाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं भारी वेड. थोरल्याचं नाव लिंकन, मधल्याचं फ्रँकलिन आणि धाकटा हा. तिघांपैकी एकानंही कधी उरुग्वेची सीमा ओलांडली नाही. आमच्या दुरास्नो गावात अशा नावांचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात एका वर्षी तीन नेल्सन, दोन मिल्टन आणि एक एडिसन होता. त्या एडिसनला बल्ब बदलता येत नव्हता.

वॉशिंग्टन घड्याळजी. पन्नास वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसला आणि दुसरा डोळा मिचकावून मिचकावून त्या बाजूच्या गालाला कायमची सुरकुती पाडून घेतली. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले तेव्हा दुकान बंद झालं. बायको त्याआधीच गेली होती. उरलं काय, तर भिंग आणि सकाळ. मग सरकारनं कायदा केला की नाव नोंदवून प्रत्येक घरात गांजाची सहा झाडं लावायला हरकत नाही. आमच्या गल्लीत टोमॅटोच्या ओळीत गांजा उभा राहिला आणि वॉशिंग्टनच्या भिंगाला पुन्हा काम मिळालं.

गंमत अशी की हा माणूस स्वतः ओढत नाही. एकदाच ओढून बघितलं. म्हणाला, "घोटभर धुरानं घड्याळाची टिकटिक मागेपुढे ऐकू यायला लागली. मला नाही परवडत." पण झाड बघायला बोलवा, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माटेचा, म्हणजे आमच्या कडवट पाल्याच्या चहाचा, तुंबा घेऊन नऊच्या ठोक्याला हजर. नऊलाच का? तर तेव्हा अंगणात ऊन नसतं, उजेड असतो. उन्हात सगळंच चमकतं, त्यात काय कळणार?

त्याचं नाव झालं ते मिल्टनमुळे. मिल्टन सोसा हा कोपऱ्यावरचा न्हावी, पंचावन्न वर्षांचा आणि तोंडाळ. त्या वर्षी मार्च संपत आला, सगळ्यांच्या झाडांना तुरे आले, आणि याची झाडं भिंतीवरून डोकावायला लागली तरी एक पांढरा तंतू दिसेना. मिल्टननं खत बदललं, बी देणाऱ्या मेव्हण्याशी भांडण काढलं. वॉशिंग्टननं झाडाकडे बघितलंच नाही. मान वर करून नगरपालिकेनं नुकत्याच लावलेल्या पांढऱ्याफेक दिव्याकडे बघितलं.

"तुझ्या झाडांची अजून रात्रच झालेली नाही, गाढवा. त्यांच्या हिशेबानं अजून जानेवारीचा लांबलचक उन्हाळी दिवस चाललाय. ती कशाला फुलतील?"

मग शेजारच्या ओफेलियानं कार्निव्हलच्या पोशाखांतलं काळं कापड दिलं, मिल्टन रोज संध्याकाळी सातला ते पांघरून झाडांना झोपवायला लागला, आणि दोन-तीन आठवड्यांत तुरे आले. तेव्हापासून मिल्टन त्याला उस्ताद म्हणतो.

उस्तादाचं शास्त्र साधं होतं. तुऱ्यावर चिकाचे बारीक थेंब असतात, टाचणीच्या डोक्यापेक्षाही कितीतरी लहान. ते आधी काचेसारखे स्वच्छ असतात, मग दुधासारखे पांढुरके होतात, मग मधासारखे पिवळे पडतात. काच असेल तर हात लावायचा नाही. दूध भरलं आणि मध कुठे कुठे दिसायला लागला की कापायचं. बघायचं ते तुऱ्याच्या पोटात. कडेच्या पानावर बघणारा फसतो, कारण पान आधी पिकतं. तपासून झालं की तो एकच शब्द बोलायचा. "काच." म्हणजे घरी जा. "दूध." म्हणजे थांब. "मध." म्हणजे कात्री आण.

गेल्या शरदात, म्हणजे आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये, मात्र तो सगळ्यांनाच "मध" सांगत सुटला.

मार्चच्या मध्यावर मिल्टनला सांगितलं, त्यानं सहाच्या सहा झाडं कापली. वाळवून ओढलं तर डोकं दुखलं आणि पहाटेपर्यंत अंगण झाडत बसला. मला सांगितलं, मीही कापलं आणि पस्तावले. तरी दोष द्यायचा कोणाला? मिल्टन म्हणाला, वाळवणं चुकलं. मी म्हटलं, वर्षच वाईट. पुढे पर्यटन सप्ताह येत होता. जगात त्याला ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह म्हणतात, पण आम्ही त्या दिवसांत देवापेक्षा मासे जास्त पकडतो. नदीकाठी तंबू ठोकायला जायच्या आधी झाडं कापून टाकायची घाई सगळ्यांनाच असते. त्यामुळे लवकर "मध" ऐकायला कोणाला वाईट वाटलं नाही.

अडलं ते ओफेलियापाशी. ओफेलिया बिदेगाइन चौऱ्याहत्तरची आहे. कार्निव्हलच्या गायकमंडळींचे पोशाख शिवते. तिचं अंगण चार फरशांचं, त्यामुळे झाड एकच, तेही जुन्या धुलाईयंत्राच्या पिंपात. त्यापासून ती वर्षभराचं मलम करते आणि सुजलेल्या बोटांना चोळते. डॉक्टर म्हणतात त्यात काही अर्थ नाही. ओफेलिया म्हणते डॉक्टरांनी मोत्यांचे अंगरखे शिवून दाखवावेत. हे एक झाड वाया गेलं की पुढची कार्निव्हल सुईविना, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वॉशिंग्टननं भिंग लावलं. "मध."

"आज?" ओफेलिया म्हणाली. "अरे, तंतू अजून पांढरे शुभ्र उभे आहेत."

"तंतू तुला दिसतात, थेंब मला दिसतात. काप."

"नाही कापत."

"मग सडव. पाऊस येतोय. पुन्हा मला बोलावू नकोस."

थर्मास काखेत मारून तो निघून गेला. चाळीस वर्षांच्या शेजारात तो पहिल्यांदाच माटे अर्धवट टाकून गेला होता.

ओफेलियाला भांडणापेक्षा चौकशी आवडते. ती आणि मिल्टन माझ्या स्वयंपाकघरात आले. मिल्टनच्या डोक्यात एक हलकट कल्पना होती. त्याच्या दुकानात आरशाजवळ प्लास्टिकची एक फांदी आहे. तिच्यावर केसांचा फवारा मारायचा, थेंब सुकू द्यायचे, आणि "उस्ताद, मेव्हण्याचं झाड आहे, जरा बघा" म्हणून पुढे करायची. फसला तर समजायचं, नजर गेली.

"म्हाताऱ्याची चेष्टा करू नका," मी म्हटलं.

"तुम्ही नका येऊ, मास्तरीणबाई."

मी गेले. असलं काही चुकवायचं माझं वय राहिलेलं नाही.

वॉशिंग्टननं आपल्या घरी टेबलापाशी बसून फांदी घेतली, भिंग लावलं आणि क्षणात काढलं.

"मिल्टन, ही चीनमध्ये साच्यातून काढलीय. शिवण दिसतेय पानाच्या काठाला. वर काय फासलंस, केसांचा फवारा?"

मिल्टनचा चेहरा साबण लावल्यासारखा झाला. "हो, उस्ताद."

"मूर्खा. एवढं करायचंच होतं तर रंग तरी बरा निवडायचास. फवारासुद्धा मधाच्या रंगाचा आणलास, सगळी फांदी पिकलेली!"

आणि तो हसायला लागला. मिल्टनही हसला, सुटल्यासारखा. ओफेलिया हसली नाही. तिनं फांदी घेतली, खिडकीपाशी नेली आणि परत आली.

"मिल्टन, तुझा फवारा कुठल्या रंगाचा?"

"रंग कसला मावशी, पाण्यासारखा असतो."

ओफेलियानं पिशवीतून दोऱ्याची दोन रिळं काढून टेबलावर ठेवली, एक पांढरं आणि एक सायीच्या रंगाचं. "वॉशिंग्टन, पांढरं दे."

त्यानं दोन्ही रिळं उचलली. वळवली. खिडकीकडे धरली. "दोन्ही सारखीच आहेत," तो हळूच म्हणाला. "दोन्ही पिवळट."

मोतीबिंदू. शिवण दिसत होती, दातेरी चाकं दिसत होती, पण सगळं पिवळ्या काचेतून. हा माणूस महिनाभर झाडांवरचा नाही, स्वतःच्या डोळ्यातला मध वाचत होता.

"इस्पितळात नाव घाल," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. नाव दोन वर्षांपूर्वीच घातलेलं होतं. दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं आणि तिसरं चिठ्ठीरूपात खिशातच होतं. सोमवारी, राजधानीत.

"डोळ्यात सुरी घालतात," तो म्हणाला. "मी लोकांची घड्याळं उघडलीत. उघडल्यावर काय काय होतं ते मला माहीत आहे."

"तुझ्याकडून स्प्रिंग उडून कपाटाखाली जायची," ओफेलिया म्हणाली. "त्यांच्याकडे कपाटं नसतात. ऐक. मी झाड कापणार नाही. तू सोमवारी जाशील, नवा डोळा घेऊन येशील, आणि त्या डोळ्यानं बघून सांगशील तेव्हा कापेन. तोपर्यंत सडलं तर सडलं. माझ्या बोटांचं पाप तुझ्या डोक्यावर."

"हे बरोबर नाही, ओफेलिया."

"नाहीच आहे."

सोमवारी मिल्टननं त्याला बसनं नेलं आणि मंगळवारी डाव्या डोळ्यावरच्या पट्टीसकट आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आठवडाभर वाकायचं नाही. त्या आठवड्यात तीनदा पाऊस पडला. ओफेलियानं समुद्रावरची मोठी छत्री पिंपाला दोरीनं बांधली, सकाळ-संध्याकाळ फांद्या हलवून पाणी झटकलं आणि बुरशीचा एक डाग दिसला तो तुरा कापून फेकला. मिल्टन रोज विचारायचा, "मावशी, माझ्या नजरेनं बघू का?" ती रोज उत्तर द्यायची, "तुझ्या नजरेनं मी केससुद्धा कापून घेत नाही."

पुढल्या मंगळवारी नऊ वाजता वॉशिंग्टन आला. पट्टी गेली होती. वाकायची बंदी त्यानं स्वतःहून एक दिवस वाढवून घेतली होती, भीतीनं. मग पिंपच वर आणायला हवं. मिल्टननं दोन शेजारी जमवले आणि शिव्यांच्या तालावर ते पिंप मांस भाजायच्या भट्टीच्या कठड्यावर चढवलं.

"हळू, गाढवांनो! थेंब गळतील!" हे वॉशिंग्टन.

मग झाडाकडे वळता वळता तो थबकला. ओफेलियाकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"तुझे केस," तो म्हणाला. "पांढरे झाले."

"दोन वर्षं झाली."

"मला सोनेरी दिसायचे."

"तेवढं एक चुकीचं बघत होतास तर मी कशाला बोलू? आता झाडाकडे बघ."

आधी उजव्या डोळ्यानं बघितलं, जुन्या. "मध, सगळा मध," असं पुटपुटला. मग भिंग डाव्याला लावलं. पन्नास वर्षांची सवय उजव्याची, त्यामुळे भिंग दोनदा निसटलं. तुऱ्याच्या पोटात तो बराच वेळ गढून गेला. ओफेलियानं सुजलेली बोटं एप्रनखाली नेऊन दाबून धरली होती. मिल्टन गप्प होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

"दूध," वॉशिंग्टन म्हणाला. मग पुन्हा, "दूध. दूध." मग बोट वर झालं. "हा एक मध. इथे अजून एक. शनिवारी काप."

"गुरुवारी मोठा पाऊस सांगितलाय रेडिओवर."

त्यानं आभाळाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. "मग उद्या काप. थोडं दूध जास्त राहील, पण सडण्यापेक्षा बरं. तीन दिवस मी सोडून देतो."

"तू सोडून देणारा कोण?" ओफेलिया म्हणाली, पण कात्री तेव्हाच धार लावायला मिल्टनच्या हातात गेली होती.

बुधवारी झाड कापलं आणि वॉशिंग्टनच्या बंद दुकानात, अंधारात, घड्याळांच्या खिळ्यांना फांद्या उलट्या टांगल्या. वाळायला बारा दिवस लागले. मलमाच्या सात बाटल्या झाल्या, दर वर्षीपेक्षा एकच कमी. ओफेलियानं पहिली उघडून बोटांना चोळली आणि दुपारी टाके घालायला बसली.

वॉशिंग्टन घरोघरी जाऊन सांगून आला की तुमचं कच्चं कापलं गेलं ते माझ्यामुळे. मी म्हटलं, झालं ते झालं. मिल्टननं मात्र त्याला खुर्चीत बसवून फुकट दाढी केली आणि तोंडाला फेस असताना हवं ते सुनावलं.

उजव्या डोळ्याची तारीख ऑगस्टमध्ये आहे. वॉशिंग्टन म्हणतो, घाई काय? मिल्टन आपल्या खिडकीतलं उशिराचं एक रोप घेऊन परवा त्याच्याकडे गेला होता. वॉशिंग्टननं भिंग लावलं आणि म्हणाला, "मध."

"उस्ताद, कुठल्या डोळ्यानं?"

"ते तू दाढी करताना काय बोललास त्यावर आहे."