पाटणच्या डोंगरात दादाला जेवायला नेलं, त्याची गोष्ट

दादाकडे वीस गुंठे मागायचे होते, म्हणून त्याला जेवायला न्यायचं ठरवलं. आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या भावाला जेवायला न्यायला कारण कशाला लागतं? लागतं हो. मी पुण्यात सोळा वर्षं संगणकासमोर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी हॉटेलं पालथी घालून, त्यांवर लिहून तुम्हाला शहाणपण शिकवतो. दादा सैन्यातून परत आल्यापासून पलूसजवळच्या आमच्या रानात ऊस आणि द्राक्षं पिकवतो. सातबाऱ्यावर नावं दोघांची, घाम एकट्याचा. त्या रानात विहिरीजवळ चिंचेखाली वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. तिथं ‘शेतातून थेट ताटात’ असलं झकास हॉटेल काढायचं, असं माझं वर्षभराचं स्वप्न. राजीनामा लिहून तयार होता. फक्त बायकोची एक अट होती, “दादा मनापासून हो म्हणाले तर कर. नाहीतर हा विषय माझ्यासमोर पुन्हा नको.”

तर बेत असा, की पाटणच्या पुढं डोंगरात जे नवं नावाजलेलं हॉटेल निघालंय, तिथं दादाला आणि वहिनींना न्यायचं. तिथला थाट बघून दादा गार होईल, मी लोखंड तापलेलं बघून घाव घालीन. किती हुशार ना मी?

शनिवारी सकाळी सहाला पुणं सोडलं. खंबाटकीच्या अलीकडे चहा, साताऱ्यात नाष्टा, कराडला हायवे सोडून ताकारीवरून पलूस. एरवी चार तास पुरतात, पण सध्या ऊसतोडीचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर डुलत चाललेले असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. त्यामुळे पाच तास धरा आणि अंधारात हा रस्ता टाळा.

रात्री बेत जाहीर केला. दादा म्हणाला, “जेवायला ऐंशी किलोमीटर? आरं, घरात काय चूल इझलीया का?”

वहिनी मात्र पहिल्या झटक्यात तयार. “आवं, भावजी एवढं म्हणत्यात तर चला की. मी तर येणारच.” सकाळी आठला त्या ठेवणीतली जांभळी साडी नेसून गाडीत जाऊन बसल्यासुद्धा. दादाला मग इलाज उरला नाही.

कराड ते पाटण रस्ता चांगला आहे. पाटणला डिझेल भरून घ्या, पुढं भरवसा नाही. पाटण सोडल्यावर एक फाटा लागतो, तिथून चार किलोमीटर तांबड्या मातीचा चढ. गाडी बुटकी असेल तर खालून खरवडून निघेल, माझी निघाली. दादा मागं वळून वहिनींना म्हणाला, “गडी पुण्यात ऱ्हातो, पन गाडी रानातल्यागत चालीवतो.” हे कौतुक समजून मी मान डोलावली.

हॉटेलचं नाव देत नाही, कारण पुढं काय झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. आठवडाभर आधी नाव नोंदवावं लागतं. माणशी अठराशे रुपये. दादाला मी तीनशे सांगितले होते. कौलारू छप्पर, सारवलेली जमीन, खाली कोयनेचं निळंशार पाणी. जागा बघूनच माझ्या डोळ्यांपुढं आमची चिंच नाचायला लागली. मुंबईतली नोकरी सोडून आलेले दाढीवाले मालक स्वतः स्वागताला आले. हाती कागद दिला. त्यावर कुठली भाजी कुठल्या वाफ्यातली, ते लिहिलेलं. ‘हा पालक तुमच्यापासून एकशेचाळीस पावलांवर वाढला.’

दादानं दोनदा वाचलं. “आपल्या गोठ्यातलं शेण चाळीस पावलांवर हाय. ते न्हाई आपुन कुटं लिवत.”

बसल्यावर वाढणाऱ्या ताईंनी हात जोडून सांगितलं, “सात पदार्थ येतील. आमच्याकडे अन्न वाया जात नाही. प्रत्येक वेळी विचारू. हवं तर हो म्हणा, नको तर नको म्हणा. आम्ही आग्रह करत नाही.” वा! मी लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं : ‘काय ही सुसंस्कृत पद्धत! आपल्या लग्नातल्या वाढप्यांनी शिकावी.’

मग जेवण सुरू झालं आणि मी कामाला लागलो. कोरेगावच्या घेवड्याचं कढण आलं, मी त्याचा वरून फोटो काढला. नाचणीची भाकरी आली, तिचा उजेडाकडे धरून काढला. रानभाजी, हातसडीचा भात, गुळाचं काहीतरी. खुर्चीवर उभा राहूनही एक काढला, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला पदर सावरला. मध्येच डोळ्याच्या कोपऱ्यातून दादाचा हात ताटावर आडवा झालेला दिसायचा. “नको नको. बास.” ताई हसून पुढं जायच्या. मला वाटलं, दादा बेतानं खातोय, चव जोखतोय. फौजी माणूस, शिस्तीचा.

आजूबाजूला मतं काय होती, हे तुमच्यासाठी मुद्दाम ऐकलं. पलीकडचे एक गृहस्थ चिडलेले होते. “दोन घास भाजी आणि ताटभर भाषण! ह्या पैशात पुण्यात चार जण जेवले असते.” त्यांच्याच बायकोचं म्हणणं, घेवडा असा मऊ शिजलेला तिनं आजवर खाल्ला नव्हता. साताऱ्याहून आलेल्या एक आजी भाकरी दुमडून बघत म्हणाल्या, “मी साठ वर्षं भाकऱ्या थापतेय, ही माझ्यापेक्षा बरी झालीय. कुणाला सांगू नका.” आणि आमच्या वहिनी? त्यांनी सातही पदार्थ दोनदा मागून खाल्ले. पदराला हात पुसत म्हणाल्या, “भावजी, आज मी एकदाबी उठले न्हाई बघा. बसल्या जाग्यावर गरम. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा.”

मला वाटलं, हीच वेळ. “दादा,” मी म्हणालो, “विहिरीजवळचे ते वीस गुंठे मला दे. असंच हॉटेल काढतो.”

दादानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “नको.”

बस्स. एका शब्दात माझं वर्षभराचं स्वप्न आडवं. मी मालकांचे आभार मानले, गाडी काढली आणि फुरंगटून बसलो. चाळिशी ओलांडलेला माणूस गाडी चालवताना किती फुरंगटू शकतो, हे वहिनींना विचारा. गिअरसुद्धा रागानं टाकत होतो.

कराड जवळ आलं तसा दादा म्हणाला, “गाडी घे बाजूला.”

एक साधा ढाबा होता, बाहेर पाटीवर ‘आख्खा मसूर’. दुपारचे साडेचार वाजलेले. दादा बाकड्यावर बसला आणि त्यानं जे जेवायला सुरुवात केली, ते मी बघतच राहिलो. ढाबेवाला म्हातारा तव्यावरून भाकरी काढायचा आणि सरळ दादाकडे यायचा. “घ्या पावणं.” दादा ताटावर हात आडवा धरायचा, “नको नको.” म्हातारा तो हात बाजूला करून भाकरी टाकायचा, “घ्या ओ, लाजता काय!” आणि दादा मुकाट खायचा. एक. दोन. तीन. चौथ्या भाकरीला माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमच्याकडे वाढणाऱ्यानं विचारल्याबरोबर हो म्हणणारा माणूस हावरा ठरतो. पहिला नको हा नुसता रिवाज. दुसऱ्यांदा विचारल्यावर हात जरा मागं घ्यायचा, तिसऱ्यांदा घ्यायचं. मी आमच्याच गावात वाढलो, असल्याच पंगतीत जेवलो, आणि तरी मला कळलं नाही. त्या सुसंस्कृत ताईंनी सात वेळा विचारलं. दादानं सात वेळा रिवाज पाळला. आणि सात वेळा वाडगा पुढं गेला.

“दादा, तू तिथं जेवलाच नाहीस?”

“खाल्लं की. ताटात आदीच ठिवलेली चटणी आनि दोन पापड.”

मी वहिनींकडे वळलो. “तुम्ही तरी बोलायचं!”

“मी बघत हुते की,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, आता भावजी म्हनतील, घे दादा. मग म्हनतील. पावनं तुमी आनलेलं, मी कशी म्हनू? तुमी तर खुर्चीवर चढलेला.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, तरीही माझ्या डोक्यात एक किडा वळवळलाच. पहिला नको हा रिवाज असेल, तर वीस गुंठ्यांचा नकोसुद्धा... मी चाचरत म्हणालो, “दादा, त्या जागेचं परत विचारू का?”

“इचार.”

“दे की.”

“नको.”

“दादा, दे ना रे.”

दादानं ताट सारलं. चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. “आरं, भाकरीचं नको निराळं आनि जमिनीचं निराळं. एवढं तर कळतंय न्हवं? तुझ्या पुढ्यात बसून मी दीड तास उपाशी हुतो. तुझं लक्ष न्हाई. परक्या माणसास्नी काय जेवायला घालनार हायस तू?”

ढाबेवाला म्हातारा चहा घेऊन आला आणि त्यानं एकदा विचारताच मी हो म्हणालो. माझ्याकडे बघून वहिनी हसल्या.

सोमवारी पुण्याला परत. बायकोला सगळं सांगितलं, तिनं शेवटपर्यंत ऐकून फक्त “जेवलास का?” एवढं विचारलं. राजीनामा पुसून टाकला. फोटो एकशे बारा निघाले. सगळ्या ताटांचे. त्यातल्या एकाही फोटोत दादा पूर्ण नाही, कुठं हात, कुठं बाही. जावं का तिथं? जरूर जा. वहिनींना विचाराल तर त्याच्यासारखी जागा जगात नाही. फक्त बरोबर गावाकडचं माणूस असेल तर फोन खिशात ठेवा आणि शेजारी बसून तुम्हीच वाढा.

मला काय हवं होतं, ह्याचा नंतर चार दिवस विचार केला. लोकांना जेवू घालायचं होतं का? नाही हो. लोकांनी मला जेवू घालताना बघायचं होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण स्वप्न होतं ते होतं, आणि ते गेल्याचं दुःखही खरं आहे.

गुरुवारी दादाला फोन केला. म्हणालो, हॉटेलचं डोक्यातून काढलंय, तू बिनघोर राहा. विहिरीवरची मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

“नाराज हायस व्हय रं?” दादानं विचारलं.

“छे. नाही रे.”

दादानं फोन ठेवला नाही. मोटर बंद केली.

“नाराज हायस का?”

“हो,” मी म्हणालो. “लय.”

“मग रविवारी ये,” दादा म्हणाला. “चिंचंखाली बसून बोलू.”