राखेवरची फुंकर

वीज केंद्रातल्या कोळशाची राख आमच्या घरासमोरच्या माळावर साठवतात आणि तिथूनच ट्रकमध्ये भरतात. त्यातली किती हवेत उडते, याचा अंदाज काढायला परवा एक साहेब आले. माळावर ते गेलेच नाहीत. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी तक्ता उघडला. उचललेल्या राखेचे टन पुस्तकातल्या आकड्यानं गुणायचे, ढिगावर रोज पाणी मारतात असं धरून निम्मे वजा करायचे, झाला अंदाज! पाण्याचा टँकर महिन्याभरात गावाला दिसला तो त्याच सकाळी, साहेबांच्या गाडीपुढे.

मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. प्रत्येक आकडा लिहिण्याआधी ते कागदावर हलकेच फुंकर मारत. राख उडे, कागद पांढरा होई, मग पेन टेके. असल्या माणसांची सगळी विद्या या फुंकरीत असते. समोर दिसतंय ते आधी उडवून लावायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत आकडा लिहायचा.

शेजारच्या रुख्माकाकूंनी चहा आणला, नेहमीप्रमाणे कपावर बशी झाकून.

"हे झाकण कशाला?" साहेबांनी विचारलं.

"राख पडते जी चहात."

"आमच्या हिशेबात तर ती नगण्य आहे."

"मंग उघडाच प्या," म्हणत काकू बशी घेऊन आपल्या घरी गेल्या.

साहेबांनी शेवटचे रकाने सावकाश भरले, सही केली आणि कप उचलला. पहिल्या घोटाआधी त्यांनी चहावर फुंकर मारली.

चहा तर केव्हाच निवला होता.